अपर टार्बेलचा पाठिंबा

मी फक्त खिडकी उघडायला उठलो होतो.

हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आलोय आणि आजवर एकाही माणसानं त्यावर विश्वास ठेवलेला नाही. पण खरं तेच आहे. आमच्या नगरभवनातली लाकडाची शेगडी ऑरिन थर्लो पेटवतो. त्यानं एकदा पेटवली की पुढच्या रांगेतली माणसं भाजून निघतात आणि मागच्या रांगेतली गारठतात. मी पुढच्या रांगेत होतो. लोकरीचा कोट, आत लोकरीचं जाकीट, त्यात नोव्हेंबर म्हणून रोझालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सक्तीनं घालायला लावलेली लोकरीची आतली बंडी. माझा कणसासारखा भाजून निघण्याचा कार्यक्रम चालू होता. आणि व्यासपीठावर मिस स्टिकनी बोलत होत्या.

मिस स्टिकनींनी गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाला शिकवलंय आणि पन्नाशीपुढच्या बहुतेकांनाही. वय ऐंशीच्या पुढे, पाठ अजून फूटपट्टीसारखी. त्या म्हणत होत्या, "आपली मुलं हायस्कूलला डोंगरापलीकडे जातात. पहाटे अंधारात बसमध्ये चढतात, संध्याकाळी अंधारात उतरतात. आईबापांना ती फक्त झोपलेली दिसतात. मी म्हणते, आपण आपलीच छोटी शाळा का काढू नये? चार्टर शाळा काढता येते. पैसा सरकारचा, कारभार आपला. राज्याला एवढंच पटवायचं की गावाचा पाठिंबा आहे. त्यासाठी समिती हवी आणि समितीला अध्यक्ष हवा. कोण उभं राहतंय?"

नेमक्या त्याच क्षणी मी खिडकी उघडायला उभा राहिलो.

"एव्हरेट पिंकम!" मिस स्टिकनी म्हणाल्या. "मला वाटलंच होतं."

हे धडधडीत खोटं होतं. याच बाईंनी सातवीत माझ्या प्रगतिपुस्तकावर 'पुढाकार शून्य' असा शेरा मारला होता. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. आमच्या गावात टाळ्या सहसा वाजत नाहीत, हात खिशात असतात. त्या दिवशी वाजल्या, कारण अध्यक्षपदाचं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात पडल्याचा आनंद प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. खिडकी बंदच राहिली.

घरी जाताना रोझाली म्हणाली, "तू उठलास कशाला?"

"उकडत होतं."

"मग कोट काढायचा."

अंगातला कोट काढता येतो, गळ्यातली समिती काढता येत नाही, हे मला पुढच्या चार महिन्यांत कळलं.

माझा धंदा विम्याचा. जगात काय काय वाईट घडू शकतं, हे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांना समजावून सांगायचं, हे माझं काम. असल्या माणसानं शाळा काढू नये. शाळा काढायला आशावादी माणूस लागतो. मला जिना दिसला की त्यावरून घसरणारा माणूस आधी दिसतो. पण आमची हॅटी पंधरा वर्षांची आहे आणि तीही त्याच बसनं जाते. सोमवार ते शुक्रवार तिचा आणि माझा संबंध म्हणजे, ती सोफ्यावर आडवी, एक बूट पायात, एक जमिनीवर, आणि मी तिच्यावर पांघरूण घालतोय. म्हणून मी नकार दिला नाही. तसा तो द्यायला मला वेळही कोणी दिला नव्हता.

आता पाठिंबा गोळा करायचा होता. इथं आमच्या गावाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. गावाचं नाव अपर टार्बेल. लोअर टार्बेल कुठाय, असं विचारू नका. ते कधीच नव्हतं. पुढेमागे कोणी वसवलंच तर वरची जागा आपली असावी, म्हणून आमच्या पूर्वजांनी आधीच नाव अडवून ठेवलं. असल्या पूर्वजांचे वंशज 'हो' असं सरळ कशाला म्हणतील? न्यू हॅम्पशायरच्या या कोपऱ्यात लग्नात नवरदेवसुद्धा 'हो' म्हणण्याआधी खिडकीबाहेर हवा कशी आहे ते बघतो.

सुरुवात शेजारापासून करावी म्हणून मी ऑरिनकडे गेलो. तो अंगणात लाकडं फोडत होता.

"ऑरिन, शाळेला तुझा पाठिंबा आहे ना?"

त्यानं एक ओंडका फोडला. मग दुसरा फोडला. मग तिसऱ्याकडे बराच वेळ बघितलं.

"कल्पना वाईट नाही," तो म्हणाला.

"म्हणजे पाठिंबा आहे?"

"असं कुठे म्हटलं?"

"मग विरोध आहे?"

"तसंही नाही म्हटलं."

"अरे, मग मी काय समजायचं?"

"तुला समजून घ्यायची घाई आहे का?" ऑरिन म्हणाला आणि तिसरा ओंडका फोडला.

याच्या अगदी उलट तऱ्हा इव्हेट गॅन्योंची. या बाई गावातलं एकमेव दुकान चालवतात. त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात टपालखातं आहे आणि उरलेल्या सगळ्या जागेत इव्हेटबाईंची मतं आहेत. मी पाठिंबा हा शब्द उच्चारायच्या आत त्यांनी तो देऊन टाकला आणि पाठोपाठ हुकूमही सोडला.

"पण एक सांगते एव्हरेट, पोरांना ट्रेलर लावून गाडी मागे घ्यायला शिकवा. बीजगणित नंतर. माझा नवरा बीजगणितात पहिला होता. तीस वर्षं झाली, अजून ट्रेलर मागे घेताना माझी गुलाबाची झुडपं चिरडतो."

मग गावात जिथं जिथं गेलो तिथं हाच प्रकार. एकाला मधमाश्या हव्या होत्या. एकीला फिडल, म्हणजे व्हायोलिन, हवं होतं, आणि ते शिकवायला तिचा भाऊ तयार होता, कारण तो घरात वाजवायला लागला की कुत्रा रडतो. फुटबॉल नको, असं एकजण म्हणाला आणि त्यानं तिथल्या तिथं विजार वर करून मला गुडघा दाखवला. मिस स्टिकनींना लॅटिन हवं होतं आणि त्याबाबत चर्चा करायची त्यांची तयारी नव्हती. मी पाठिंबा मागायला निघालो होतो आणि अभ्यासक्रम घेऊन घरी येत होतो. रोझाली रोज संध्याकाळी विचारायची, "आज किती?" मी म्हणायचो, "माणसं की विषय?"

शाळेला जागाही हवी. ती मिळाली म्हणजे तशी मिळाली. ओढ्याकाठी कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे करायचा एक जुना कारखाना आहे. लोकांनी कपडे वाळवायची यंत्रं घेतली आणि कारखाना बसला. मालकांचे वारस फ्लोरिडात असतात. त्यांनी 'खुशाल वापरा' म्हणून कळवलं. इतक्या उत्साहानं कळवलं की माझ्यातला विमेवाला लगेच सावध झाला. आत गेलो तर चिमटेच चिमटे. पोत्यांत चिमटे, खोक्यांत चिमटे, फरशीच्या फटींत चिमटे. अजूनही गावात कोणाच्याही घरी वाढदिवस असला तर पाहुणे भेट म्हणून चिमटे नेतात.

भिंती पक्क्या होत्या, छत गळत नव्हतं. सगळं मनासारखं होतं. म्हणजे घोडं कुठेतरी पेंड खाणार हे नक्की. ती त्यानं अग्निशमन निरीक्षकाच्या रूपानं खाल्ली. पोरसवदा माणूस, अतिशय नम्र. सगळीकडे फिरला आणि म्हणाला, "छान आहे. फक्त मागच्या बाजूनं बाहेर पडायला दुसरं दार हवं."

ही बातमी मी दुकानात कोणाला सांगितली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेलो तर ऑरिन यांत्रिक करवत घेऊन हजर.

"दार कुठे पाहिजे?"

"अरे, आधी माप घ्यायला हवं, नकाशा—"

त्यानं खिशातून कोळसा काढला, मागच्या भिंतीवर सरळ उभा आयत काढला, माझ्याकडे बघितलं आणि आयत बोटभर उंच केला. मग करवत सुरू केली. पुढे बोलणं शक्यच नव्हतं. काम मात्र देखणं झालं, हे मान्य करायला हवं. शेवटी त्यानं कापलेल्या तुकड्याला खांदा लावला. तुकडा बाहेर पडला. मग क्षणभर शांतता. मग खालून 'डुबुक' असा आवाज आला.

आम्ही दोघांनी वाकून बघितलं. मागची जमीन पुढच्यापेक्षा चांगली पुरुषभर खाली होती आणि तिच्या खाली ओढा.

"हं," ऑरिन म्हणाला.

'बाहेर पडायचं दार' असं निरीक्षकानं म्हटलं होतं, ते शब्दशः तसंच झालं होतं.

दाराला फळ्यांची चौकट लागली, बिजागऱ्या बसल्या, आणि जिन्याचं काही ठरायच्या आत तो नम्र निरीक्षक पुन्हा आला. मी त्याला घेऊन मागच्या खोलीत गेलो. माणसानं यजमानपणाच्या भरात काय काय करू नये, याचा मी आता अधिकारी पुरुष आहे. मी त्याच्याकडे तोंड करून, एक हात पसरून, "आणि हे आपलं दुसरं दार!" असं म्हणत पाठीनं दार उघडलं आणि अदबीनं एक पाऊल मागे सरकलो.

खाली बर्फ होतं म्हणून वाचलो. बर्फाखाली दगड होता म्हणून पूर्ण वाचलो नाही. मी आकाशाकडे बघत पडलो होतो. वरून निरीक्षकाचं डोकं दिसलं. "दार छान उघडतं," तो म्हणाला. "पण जिना लागेल."

माझ्या माकडहाडाला मार बसला. आता हात मोडला तर माणूस गळ्यात अडकवून मिरवू शकतो. पाय मोडला तर त्याच्या प्लास्टरवर लोक सह्या करतात. माकडहाडाला समाजात प्रतिष्ठा नाही. डॉक्टरनी सांगितलं, हवा भरलेल्या गोल उशीवर बसा. इव्हेटबाईंच्या दुकानात तशी वस्तू एकच होती: लहान मुलांची पोहण्याची ट्यूब, तिच्यावर पिवळी बदकं. पुढचे सगळे महिने मी समितीच्या बैठकांचं अध्यक्षस्थान बदकांवर बसून भूषवलं. रस्त्यात लोक थांबवून गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "कसं आहे?" काय कसं आहे, हे कोणी विचारत नसे आणि मीही 'बरं आहे' असं म्हणत असे.

जिना करायचा तर ओढ्याच्या काठाला हात लावायचा, आणि त्याला परवानगी हवी. गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या एक बाई तपासायला आल्या. त्या इतक्या वेळ पाण्यात डोकावून बघत होत्या की मला वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय. त्या वर आल्या त्या उजळलेल्या चेहऱ्यानं. नेमक्या आमच्या दारासमोर ओढ्याच्या तळाशी एक दुर्मीळ जातीचं कासव हिवाळ्याची झोप घेत होतं.

"त्याला उठवायचं नाही," बाई कुजबुजत म्हणाल्या.

"कधीपर्यंत?"

"त्याचं ते उठेपर्यंत."

मग जिना सरळ न नेता भिंतीला धरून आडवा न्यायचा ठरलं. तो आडवा गेला आणि थेट शेजारच्या चर्चच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उतरला. चर्चच्या महिला मंडळाचं म्हणणं पडलं की हायस्कूलची पोरं जाता-येता आमचे पाय बघतील. म्हणजे सफरचंदाचे पाय, सारण भरलेला तो गोड पदार्थ, भाजून खिडकीत निवत ठेवलेला, गैरसमज नको. तीन बैठका झाल्या. तिसरीत कोणीतरी म्हणालं, पोरं पाय बघतीलच, तर त्यांना दुपारी सूपच का देऊ नये? आणि ज्या बायका जिना नको म्हणून आल्या होत्या त्या शाळेच्या जेवणाची पाळी ठरवून घरी गेल्या. मी बदकांवर बसून हे सगळं बघत होतो. आपण अध्यक्ष आहोत की केवळ साक्षीदार, हे मला कळेनासं झालं होतं.

अखेर सुनावणीचा दिवस ठरला. मार्चअखेरचा गुरुवार, दुपारी चार वाजता, नगरभवनात. राजधानीहून दोघं येणार: मिसेस ऑगस्टा क्विम्बी आणि त्यांचे सहायक, पेल्टिए नावाचे एक तरुण गृहस्थ. गावाचा पाठिंबा त्यांनी डोळ्यांनी पाहायचा आणि वर कळवायचं. आम्ही गावातल्या झाडून साऱ्या खुर्च्या आणून मांडल्या. रोझालीनं घमेलंभर बीन्स भाजल्या. मी सूट इस्त्री केला.

त्या दिवशी सकाळी मी दार उघडून पायरीवर आलो. रात्री कडाक्याची थंडी पडून गेली होती आणि आता लख्ख ऊन होतं. ऑरिनच्या मेपलच्या झाडांना लटकवलेल्या बादल्यांमधून आवाज येत होता. टिप्. टिप्. टिप् टिप् टिप्.

रस सुटला होता.

मेपलचा रस सुटला की आमच्या गावात दुसरं काही होत नाही. तो मोजके दिवस सुटतो, सुटला की लगेच गोळा करावा लागतो, आणि चुलाणावर कढई चढली की तिच्यापासून हलायचं नाही. हललात तर पाक करपतो आणि वाईट नशीब असेल तर गुऱ्हाळासकट जळतो. घरटी एक गुऱ्हाळ. आमच्याकडे या दिवसांत लग्नं पुढे ढकलतात. मरणारा माणूससुद्धा शहाणा असेल तर एप्रिलपर्यंत थांबतो.

दुपारी साडेतीनला मी नगरभवनात पोचलो तर दूरवर पसरलेल्या रिकाम्या खुर्च्या आणि पहिल्या रांगेत मिस स्टिकनी एकट्या, ताठ.

"येतील," त्या म्हणाल्या. पण त्यांनी दाराकडे बघितलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मिसेस क्विम्बींचा. त्यांची गाडी आमच्या टेकडीच्या मध्यावर चिखलात रुतली होती. बर्फ वितळलं की आमच्या कच्च्या रस्त्याची लापशी होते. मी माझी गाडी घेऊन धावलो, त्यांच्या गाडीपर्यंत पोचलो आणि तिच्या मागे तितकाच व्यवस्थित रुतलो.

मिसेस क्विम्बी उंच, करड्या केसांच्या, शहरी बुटांतल्या. त्या गाडीतून उतरल्या, चार पावलं चालल्या, आणि पाचवं पाऊल बुटाशिवाय उचललं. पेल्टिए कोपरापर्यंत हात घालून चिखलात शोधत राहिले. बूट काही मिळाला नाही.

"मिस्टर पिंकम," मिसेस क्विम्बी एका पायावर उभ्या राहून अतिशय शांतपणे म्हणाल्या, "आम्ही गावाचा पाठिंबा पाहायला आलोय. गाव कुठाय?"

मी डोंगराकडे हात केला. प्रत्येक घळीतून, प्रत्येक झाडीमागून पांढऱ्या वाफेचा एकेक लोट वर चढत होता. "तिथं आहे," मी म्हणालो, "आणि तिथं. आणि तिकडे तिथं."

सगळ्यात जवळचा लोट ऑरिनचा होता. मी मिसेस क्विम्बींना एका बाजूनं धरलं, पेल्टिएंनी दुसऱ्या बाजूनं. माझ्या काखेत बदकांची ट्यूब होती, कारण गाडीत तिच्याशिवाय मला बसता येत नाही आणि ती मागे ठेवायचं भान राहिलं नव्हतं. अशी आमची मिरवणूक गुऱ्हाळात शिरली.

"दार लावा," ऑरिन म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

आत वाफच वाफ. चुलाण धडधडत होतं, कढईत रस उसळत होता, गोड वासानं जीव गुदमरत होता. मिसेस क्विम्बींनी इकडेतिकडे बघितलं, बसायला एक ओंडका होता, तो टणक दिसला. त्यांनी माझ्या काखेतली ट्यूब काढून घेतली, ओंडक्यावर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. ऑरिननं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्यांच्यापुढे डोनट आणि गोडावर उतारा म्हणून आंबट काकडी ठेवली, बाहेरून परातभर बर्फ आणलं आणि त्यावर गरम पाकाची धार सोडली. पाक बर्फावर आळून चिकट झाला. मिसेस क्विम्बींनी तो काट्याला गुंडाळून तोंडात घातला आणि लगेच काटा पुन्हा परातीत खुपसला.

मी कोपऱ्यात जाऊन रोझालीला फोन केला. "किती जण आलेत?"

"मी आणि मिस स्टिकनी."

"अगं, सुनावणी आज झाली नाही तर वर्ष जाईल! बाई इथं आहेत, ऑरिनच्या गुऱ्हाळात. त्यांना एकच बूट आहे. त्या काही तिकडे येत नाहीत."

"मग गावाला तिकडे पाठवते," रोझाली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

इकडे मिसेस क्विम्बींनी काम सुरू केलंच होतं. "मिस्टर थर्लो, या शाळेला तुमचा पाठिंबा आहे?"

"आत्ता विचारू नका," ऑरिन म्हणाला, आणि खरंच ती वेळ नव्हती. कढईतला फेस एकदम फुगून काठावर आला. "लोणी! लोण्याचा खडा टाका कोणीतरी, फेस बसेल!"

लोणी पेल्टिएंच्या शेजारी होतं. पण गांगरलेल्या माणसाला शेजारचं दिसत नाही. त्यांनी हातातला अख्खा डोनट कढईत टाकला. फेस खाली बसला. सगळे डोनटकडे बघत राहिले. तो गोल गोल फिरत होता.

"चालतं," ऑरिन म्हणाला.

रोझालीनं प्रत्येक घरी फोन करून काय सांगितलं, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. पण माणसं यायला लागली. एकानं कढईजवळ थांबायचं आणि एकानं यायचं, अशी वाटणी करून आली. हातात झारे, केसांत काजळी. मिस स्टिकनींना कोणीतरी ट्रॅक्टरवर बसवून आणलं. त्या राणीसारख्या उतरल्या. पाहता पाहता गुऱ्हाळ भरलं, बाहेर चिखलात माणसं उभी राहिली, आणि मग व्हायचं तेच झालं. चर्चेचंही गुऱ्हाळ सुरू झालं.

"लॅटिन!" मिस स्टिकनी म्हणाल्या.

"ट्रेलर!" इव्हेटबाई म्हणाल्या.

"मधमाश्या चावतात आणि विमा कोण देणार? हा? याला स्वतःला धड उभं राहता येत नाही!"

"फिडलवाल्यानं आधी सूर लावावा, मग बोलावं!"

एकमेकांच्या आजोबांचे उद्धार झाले. अख्खं गाव हिवाळाभर न बोललेलं एकदम बोलत होतं. पेल्टिए भराभर लिहीत होते, मग त्यांनी लिहिणं सोडलं. मी डोळे मिटून घेतले. चार महिन्यांची मेहनत, एक माकडहाड, आणि शेवटी हे.

आणि मग दार उघडलं. या वेळी ऑरिन 'लावा' असं म्हणाला नाही.

मुलं होती. शाळेची बस चिखलामुळे टेकडीवर येऊ शकली नव्हती. चालकानं त्यांना पायथ्याशीच उतरवलं होतं आणि ती चालत वर आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर दप्तरं. दिवस मावळत आला होता. आमची हॅटी सगळ्यांत मागे होती. तिनं मला बघितलं, आश्चर्य करायचंही त्राण तिच्यात नव्हतं. ती चुलाणाजवळ भिंतीला टेकून बसली. तिच्या शेजारी दुसरी, तिसरा, चौथा. कोणीतरी त्यांच्या हातात डोनट दिले. अर्धवट खाल्लेला डोनट हातात तसाच, आणि एकेकाची मान खाली जायला लागली.

भांडण थांबलं, असं मी म्हणणार नाही. इव्हेटबाई अजूनही ट्रेलरचं बोलत होत्या. पण त्या कुजबुजत बोलत होत्या. मिस स्टिकनी कुजबुजत लॅटिनची बाजू मांडत होत्या. सगळं गाव हलक्या आवाजात भांडत होतं आणि एक जण आपला कोट काढून गॅन्योंच्या धाकट्याच्या अंगावर घालत होता.

मिसेस क्विम्बी मुलांकडे बघत होत्या. "रोज इतका उशीर होतो?" त्यांनी विचारलं.

"रोज नाही," ऑरिन झाऱ्यानं पाक उचलून बघत म्हणाला. "आज लवकर आलीत. चालत आली ना. बस अजून वळसा घालत असती."

मिसेस क्विम्बींनी घसा साफ केला. "नियमाप्रमाणे मला विचारावं लागतं. विरोधात कोणाला बोलायचंय?"

फक्त रसाचं उकळणं. आणि मग ऑरिन थर्लोनं झाऱ्यासकट हात वर केला.

तीस वर्षांचा शेजार! मी त्याच्या म्हशीसारख्या मोठ्या कुत्र्याचा विमा उतरवला होता!

"शाळेबद्दल नाही," ऑरिन म्हणाला. "शाळा होऊ द्या. पण या एव्हरेटला अध्यक्ष ठेवू नका. तो पडतो."

मुलं झोपलेली आहेत म्हणून सगळे तोंडावर हात दाबून हसले. मिसेस क्विम्बी बदकांवर बसून खांदे हलवत होत्या. तिथल्या तिथं मतदान झालं. मला काढून रोझालीला अध्यक्ष करायचा ठराव एकमतानं मंजूर झाला. अपर टार्बेलच्या इतिहासात एकमतानं मंजूर झालेला हा पहिला ठराव. मी दुखावलो, हे लपवत नाही. मी सुद्धा त्याच बाजूनं हात वर केला होता, तरी दुखावलो.

जून महिन्यात मंजुरी आली. तोवर कासवही आपलं आपण उठून निघून गेलं होतं.

सप्टेंबरात शाळा उघडली, त्या पहिल्या दिवशी मी सवयीनं अंधारातच उठलो. हॅटीची बस चुकेल म्हणून दचकून जिन्यापर्यंत गेलो आणि मग आठवलं. परत झोप काही लागेना. शेवटी खाली जाऊन टोस्ट केले. चांगलं उजाडल्यावर ती खाली आली. पूर्ण जागी. दोन्ही बूट पायात. आणि बसल्या बसल्या भांडायला लागली.

"बाबा, तू सगळ्या गावाला विचारलंस. घरोघरी फिरलास. मला विचारलंस?"

खरंच, विचारलं नव्हतं.

"मूठभर पोरं. सगळी लहानपणापासून ओळखीची. अर्ध्यांनी मला बालवाडीत चावलंय. वर्गात लाकडाचा भुसा. आणि लॅटिन! लॅटिन बोलतं तरी कोण?"

"मिस स्टिकनी."

"अजून?"

"अजून कोणी नाही."

"बघ! आणि माझ्या मैत्रिणी सगळ्या तिकडे, डोंगरापलीकडे. त्यांचं काय?"

ती हातवारे करत होती. तिच्या गालावर जॅम लागला होता. तिचा आवाज इतका खणखणीत झालाय, हे मला ठाऊक नव्हतं. तिला इतकी मतं आहेत, हेही ठाऊक नव्हतं. गेली दोन वर्षं ही मतं बसमध्ये झोपून जात असणार. रोझाली ओट्याशी पाठ करून उभी होती, कॉफी कधीच ओतून झाली होती, तरी वळत नव्हती.

"मग असं करूया," मी म्हणालो. "तुला नकोच असेल तर जुन्या शाळेत नाव अजून आहे. उद्यापासून बस—"

"वेडा झालास का?" हॅटी म्हणाली. "एवढ्या पहाटे उठणार कोण?"

तिनं माझ्या ताटलीतला टोस्ट उचलला, माझा, मी एक घासही न खाल्लेला, आणि दप्तर एका खांद्यावर टाकून निघाली. मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. ती रस्त्यानं चालत खाली गेली. पुढे गॅन्योंचा धाकटा भेटला. त्याच्याशीही ती टोस्ट हलवत भांडायला लागली. वळणाच्या पलीकडे दिसेनाशी झाली, तरी आवाज बराच वेळ ऐकू येत होता.